बोटभर कललेला सांगाडा

चामटोलीच्या नव्या शाळेला राजसीचेच सांधे मंजूर झाले, हरवलेला खंडोबा सापडला, आणि कौसाबाईची सगळ्यांनी ओळीने माफी मागितली.

हे चुकून आधी सांगून झालं. असलं काही अजून घडलेलंच नाही. सांधे नामंजूर व्हायच्या बेतात आहेत, खंडोबा बेपत्ता आहे, आणि माफी मागायची या मंडळींपैकी कुणालाच सवय नाही. आपण दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अंबरनाथच्या एमआयडीसीत, एका पत्र्याच्या शेडच्या दारात उभे आहोत, आणि गंधारला कुणी आत सोडत नाहीये, कारण त्याच्या पायात सँडल आहेत.

१

'सेफ्टी बूट घातल्याशिवाय प्रवेश नाही' अशी पाटी होती. पाटीखाली स्टुलावर बसलेल्या कौसाबाईने दोन बूट पुढे सरकवले. दोन्ही डाव्या पायाचे.

"उजवे?" गंधारने विचारलं.

"उजवे लोखंडवाले जयदेवशेठ घालून गेलं आत."

"दोन्ही?"

"त्यांना घाई व्हती."

गंधार दोन डाव्या बुटांत आत शिरला. तो कुळगावचा, विमा कंपनीचा सर्वेअर. एखादी वस्तू आपणहून बिघडली की कुणी बिघडवली, एवढं ठरवणं हे त्याचं काम. आजवर त्याच्या वाट्याला फ्रिज, लिफ्ट आणि एकदा एका लग्नाच्या हॉलमधलं कारंजं आलं होतं. त्याला फार कुतूहल होतं, आणि कंपनीच्या फॉर्मात कुतूहलाला रकाना नव्हता.

आत एक पोलादी सांगाडा उभा होता. दोन खांब, दोन तुळया. खालची तुळई छातीच्या उंचीवर, वरची पत्र्याखाली. अर्ध्या मापाची दोन मजली इमारत, भिंती वगळून. एक खांब दाराकडे, दुसरा शिवमंदिराच्या अंगाला, म्हणून सगळे त्याला मंदिराकडचा खांब म्हणत. माथ्यावरून एक ओळंबा सोडलेला होता आणि त्याच्या टोकाखाली जमिनीवर लाल फुली होती.

ओळंबा फुलीवर नव्हता. बोटभर बाजूला होता.

"हाच घोळ," राजसी म्हणाली. शेड तिची, सांगाडा तिचा, आणि डोळ्यांखालची काळी वर्तुळंही याच आठवड्यातली. "साध्या इमारतीत तुळई खांबाला वेल्डिंगने चिकटवतात. मोठा भूकंप आला की पोलाद वाकतं. माणसं वाचतात, पण इमारत वाकडी ती वाकडीच राहते, मग पाडावी लागते. माझी तुळई चिकटवलेली नाहीच. खांबाला नुसती टेकवलीये, आणि आतून तारांचा जुडगा ओवून करकचून आवळलीये. इमारत डोलली की सांध्यात फट पडते. डोलणं थांबलं की तारा ती फट मिटवतात. इमारत परत जागच्या जागी."

"आणि धक्का कुठे जातो?"

"सांध्याच्या बाजूला एकमेकींवर घासणाऱ्या पट्ट्या आहेत. त्या खातात."

"म्हणजे इमारत जोरात हलते, आणि नंतर काही झालंच नाही असा चेहरा करते."

"तसंच."

"आमच्या ऑफिसात असे बरेच आहेत," गंधार म्हणाला.

राजसी हसली नाही. खंडेनवमीला तिने जॅक लावून सांगाडा पूर्ण कलता केला होता. दसऱ्याला जॅक सोडला. सांगाडा परत आला, पण बोटभर अलीकडेच थांबला. मंदिराकडच्या खांबाचा खालचा सांधा नीट मिटलेला नव्हता. तिच्या मते सरळ होतं: कुणीतरी तारा सैल केल्या. तसा दावाही तिने विमा कंपनीकडे लावला होता, 'हेतुपुरस्सर मोडतोड' या सदराखाली.

"आज चार वाजता चामटोलीची शाळा समिती बघायला येतेय. ओळंबा फुलीवर नसेल तर साधं वेल्डिंग करायचं ठरलंय त्यांचं. मग भूकंपात मुलं वाचतील, शाळा जाईल. आणि आधीची पडकी शाळा पाडून नवी मिळायला गावाने किती वाट पाहिलीये, ते समितीच्या पदूभाऊंना विचारा. ते पहिलीत असल्यापासून अर्ज करतायत. शिवाय त्यांच्या नियमात एक कलम आहे. नव्या पद्धतीच्या बांधकामाला प्रत्यक्ष भूकंपात टिकल्याचा दाखला जोडावा."

"तो कुठे मिळतो?"

"तेच मी त्यांना विचारलं. म्हणाले, तहसीलमध्ये चौकशी करा."

गंधार वहीत काहीतरी लिहिणार, तेवढ्यात मागून कौसाबाईचा आवाज आला, अगदी हळू.

"साहेब, सांगाड्याचं ऱ्हाऊ द्या. शेडमधून देव गेलाय. त्ये कुणी लिहीत नाय."

२

कौसाबाई बारवीकडच्या पाड्यावरून यायची. शेड झाडायची, चहा करायची आणि दारावर बूट वाटायची. खंडेनवमीची हकिकत तिने जशी सांगितली तशी बाकी कुणालाच आठवत नव्हती.

त्या दिवशी सांगाडा पूर्ण कललेला, सगळे सांधे आ वासून उघडे, आणि राजसी आता फोटो काढून जॅक सोडणार, एवढ्यात तिचे सासरे विष्णुपंत पूजेचं ताट घेऊन आले. खंडेनवमीला हत्यारांची पूजा हवीच. पाने, हातोडे, जॅक, सगळ्यांना हळदकुंकू लागलं. संगणकाच्या माउसलाही लागलं. तेव्हापासून तो फक्त डावीकडे जातो. चारी सांध्यांवर झेंडूच्या माळा चढल्या. पाटावर विष्णुपंतांनी घरच्या देव्हाऱ्यातला टाक ठेवला: तळहाताच्या निम्म्या आकाराचा चांदीचा पत्रा, त्यावर उठावाचा घोड्यावरचा खंडोबा.

"आन् पूजा झाली की हत्याराला हात नाय लावायचा दसऱ्यापर्यंत," कौसाबाई म्हणाली. "म्हनून जॅक तसाच ऱ्हायला. सांगाडा बी तसाच वाकडा ऱ्हायला."

"आणि सकाळी?"

"सकाळी पाट व्हता, फुलं व्हती, सुपारी व्हती. टाक नाय. जयदेवशेठ बोलले, चांदीची चीज हाय, बाईला विचारा." तिने पदर खोचला. "म्या काय देव इकून खाऊ? आमच्या पाड्यावर त्याच देवाची जत्रा भरते."

"विष्णुपंत काय म्हणाले?"

"त्ये बोलले, देव कुठं जात नाय. असंल इथंच."

"रागावले नाहीत?"

कौसाबाईने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने फार उशिरा शहाणा प्रश्न विचारलाय.

"साहेब, मागल्या हप्त्यात त्यांच्या चष्म्याची डबी गावली नाय, तं पोलिसात जायचं काढलं व्हतं त्यांनी. आन् देव गेला तं चहा मागितला. आल्याचा."

३

जयदेव उल्हासनगरचा. पोलाद विकायचा आणि वेल्डिंगची कंत्राटं घ्यायचा. शाळेला वेल्डिंग ठरलं तर काम त्यालाच मिळणार होतं. तो दोन उजव्या बुटांत, किंचित एका बाजूला वळत, सांगाड्याभोवती फिरत होता.

"बूट बदलायचे का?" गंधारने विचारलं.

"रहने दो, आदत पड गई." जयदेव एका ड्रमवर टेकला. "देखो साईं, वेल्डिंगचं काम मला मिळालं तर मला बुरा नाही लागणार, झूठ कशाला बोलू? पण तारा सैल करायला काय लागतं? जॅक. आणि जॅकवर काय होती? हळद. पूजा केलेल्या जॅकला दसऱ्याच्या आधी मी हात लावेन? माझ्या दुकानात त्या रात्री कॅल्क्युलेटर पण झोपतो. गिऱ्हाईक आला तर आम्ही बोटांवर हिशोब करतो."

गंधारला हे पटलं, आणि पटलं याचं नवल वाटलं. चाकूवरचे ठसे, कुलपाचे ओरखडे असले पुरावे त्याने ऐकले होते. पण एका हळदीच्या बोटाने अख्ख्या एमआयडीसीला निर्दोष ठरवलं होतं. सांगाड्याला धक्का लावायला जॅक हवा, आणि जॅकला हात लावेल असा माणूस या भागात जन्मायचा होता.

"कौसाबाईचं नाव का घेतलंत?"

"वो गलत हुआ," जयदेव म्हणाला. "तोंडातून निघून गेलं. तिच्या हातचा चहा मी दोन दिवस पिलो नाही. मतलब, तिनेच दिला नाही." मग विषय बदलायला त्याने भिंतीवरच्या मीटरकडे बोट केलं. "ते बघितलं का? तारांचा ताण दाखवतो. माल माझ्याच दुकानचा आहे, इंपोर्टेड. मॅडम म्हणतात बिघडला."

"का?"

"कारण आकडा वाढला."

गंधारने राजसीला बोलावलं. तिने मान हलवली. चाचणीच्या आधी सांगाडा सरळ असताना जो ताण होता, त्यापेक्षा आताचा ताण जास्त दिसत होता.

"मॅडम, सैल केलेली तार जास्त ताणलेली असते?"

"नसते. म्हणून तर मीटर बिघडलाय."

"मीटरला बिघडायचं काही कारण?"

राजसी उत्तर द्यायला गेली आणि थांबली. तिने सांध्याकडे पाहिलं, मग मीटरकडे, मग परत सांध्याकडे.

तारा कुणीच सैल केल्या नव्हत्या. उलट त्या सांध्यात काहीतरी त्यांना सकाळ-संध्याकाळ ओढत बसलं होतं.

४

गंधार बाहेर येऊन उभा राहिला. शेडच्या मागे दोरीवर कौसाबाईची फडकी वाळत होती आणि दोरीच्या टोकाला चार-पाच रिकामे चिमटे अडकवलेले होते. गंधार त्यांच्याकडे बघत राहिला. रिकामा चिमटा तोंड गच्च मिटून बसतो. फडकं धरलेला चिमटा जरासा उघडा असतो, आणि त्याची स्प्रिंग रिकाम्यापेक्षा जास्त ताणलेली असते.

त्याने एक फडकं काढलं. चिमटा टक्कन मिटला. त्याने फडकं परत लावलं. परत काढलं.

"काय चाललंय?" आतून कौसाबाईने विचारलं.

"चौकशी," गंधार म्हणाला.

प्रश्न आता इतकाच उरला की सांगाड्याने काय चावलंय. राजसीने उघड्या सांध्यात आधीच बॅटरी मारून पाहिलं होतं. तिला झेंडूच्या चुरगळलेल्या पाकळ्या दिसल्या. पण त्या चारी सांध्यांत होत्या, आणि झेंडूने पोलाद अडत नाही. फटीच्या आत काळोख होता.

तो आत आला तेव्हा विष्णुपंत शेडमध्ये फेऱ्या मारत होते. गोरे, ताठ, एका मोठ्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलचे प्रमुख म्हणून निवृत्त झालेले. निवृत्त झाल्यापासून ते घरातल्या पोळ्यांची जाडी तपासत. हातात आल्याचा चहा होता.

ते दाराकडच्या खांबावरून सरळ पुढे गेले. मंदिराकडच्या खांबापाशी आले, कप तुळईवर ठेवला, वाकून एक बूट काढला, दुसरा काढला, मोज्यांवर उभे राहिले, ओठ हलले, मग दोन्ही बूट परत घातले आणि कप उचलून चालू लागले.

दुसऱ्या फेरीला पुन्हा तेच.

तिसऱ्या फेरीला गंधार वाटेत उभा होता.

"काका, मधुमेह आहे?"

"अजिबात नाही. का?"

"पाय दुखतात म्हणून बूट काढत असाल, असं वाटलं."

"तुम्ही विमेवाले तब्येतीची फार चौकशी करता," विष्णुपंत म्हणाले आणि त्यांनी हप्ता भरल्याच्या थाटात चहाचा घोट घेतला.

"इथे बूट घालणं सक्तीचं आहे. तुम्हीच पाटी लावलीत ना?"

"मीच. अक्षरही माझंच."

"मग फक्त याच खांबापाशी बूट का काढता?"

विष्णुपंतांनी उरलेला चहा एका घोटात संपवला. तेवढ्यात बाहेर जीपचा हॉर्न ऐकू आला. पदूभाऊ वेळेआधीच आले होते.

५

पदू भोईर शाळा समितीचे अध्यक्ष, स्वतःची भातशेती, गळ्यात सोन्याची जाड साखळी आणि हातात अर्जांची तितकीच जाड फाइल. त्यांना कौसाबाईने एक मोठा आणि एक लहान बूट दिला. त्यांनी तक्रार केली नाही. सरकारी कामाची त्यांना सवय होती.

"ओळंबा फुलीवर नाय, म्याडम," ते म्हणाले.

"थांबा," गंधार म्हणाला. "चोरी आणि मोडतोड अशी दोन प्रकरणं आहेत, असं सगळे समजताय. प्रकरण एकच आहे. काका, तुम्ही सांगता की मी सांगू?"

विष्णुपंतांनी बूट काढले. म्हणजे उत्तर मिळालंच.

"मी सांगतो," गंधार म्हणाला. "तारा सैल नाहीत, मीटर बिघडलेला नाही. सांध्यात काहीतरी पातळ आणि टणक अडकलंय, म्हणून फट मिटत नाही आणि तारा जास्त ताणल्यात. आता ते आत गेलं कधी? फट फक्त सांगाडा कलल्यावर पडते. ती खंडेनवमीला उघडली आणि पूजेमुळे दसऱ्यापर्यंत उघडीच राहिली. त्याच वेळात टाक नाहीसा झाला. चोराने घाईत पाटावरची फुलं, सुपारी विस्कटली असती. देव गेल्यावर यजमान चिडले असते. इथे यजमानांनी आल्याचा चहा घेतला. आणि माणूस बूट काढतो कुठे? देवापाशी."

जयदेवने सवयीने कानाला हात लावला.

"बाबा?" राजसी म्हणाली.

विष्णुपंत मोज्यांवर ताठ उभे राहिले. "आपल्या घराची चौकट बसवली तेव्हा तुझ्या सासूबाईंनी उंबऱ्याखाली चांदी ठेवली होती," ते म्हणाले. "कुणीही ठेवतं. चांदी, पोवळं, निदान नाणं. रिकामी चौकट उभी करत नाहीत. तुझी चौकट रिकामी होती. त्यातून ती कललेली, सांधे उघडे, त्यात मुलांची शाळा व्हायची. मला झोप लागेना. मी पहाटे आलो, फट दिसली, म्हटलं, हीच जागा. जॅकला मी हात लावला नाही."

"मग सांगाडा थांबला तेव्हा बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तुझ्या तारांचं काहीतरी चुकलंय, आणि देवानेच बोटभर धरून ठेवलाय. काढला तर कोसळेल. आणि क्वालिटी कंट्रोलच्या माणसाने सांध्यात देव घातला, हे सांगणार कुणाला?"

कौसाबाई दारातून पुढे आली. "आन् मंग माझं नाव आलं तवा?"

विष्णुपंतांची मान आता ताठ राहिली नाही. "चुकलं माझं, कौसाबाई. तेव्हा तरी बोलायला हवं होतं."

जयदेव लगेच त्यांच्या मागे उभा राहिला. "मेरा भी." पदूभाऊंचा काही संबंध नव्हता, पण रांग दिसली म्हणून तेही उभे राहिले.

राजसीने जॅकचं हँडल हातात घेतलं. सांगाडा कुरकुरत, हळूहळू मंदिराकडे कलला. खालच्या सांध्यात काळी रेघ उमटली, रुंद झाली, आणि बॅटरीच्या उजेडात आत हळदीने माखलेली चांदी चमकली. विष्णुपंतांनीच पकडीने टाक बाहेर काढला. घोड्याचा एक पाय सपाट झाला होता. स्वार सुखरूप होता.

"आता सोड," ते म्हणाले, आणि दोन पावलं मागे सरले, कारण त्यांना अजूनही वाटत होतं की कोसळेल.

राजसीने जॅक सोडला. पट्ट्या घासल्याचा एक लांब आवाज झाला, कुणीतरी जड कपाट सरकवल्यासारखा, आणि शेवटी चारी सांधे टक्कन मिटले. गंधारला दोरीवरचा चिमटा आठवला. ओळंबा थोडा वेळ झुलत राहिला. पदूभाऊ गुडघ्यांवर हात ठेवून वाकले. जयदेव वाकला. कौसाबाईने डोळे मिटून घेतले, आणि राजसीने श्वासच घेतला नाही.

ओळंबा फुलीवर थांबला.

"परत करून दाखवा," पदूभाऊ म्हणाले.

राजसीने परत केलं. तो परत फुलीवर आला. मग पदूभाऊंनी स्वतः हँडल फिरवलं, आणि तरीही तो फुलीवरच आला. मीटरचा आकडा पूर्वीच्या जागी उतरला होता. कौसाबाईने चहा आणला आणि या वेळी जयदेवलाही दिला.

"आमच्या शाळेच्या उंबऱ्याखाली चांदी मी ठेवीन," पदूभाऊ विष्णुपंतांना म्हणाले. "सांध्यात नको. उंबऱ्याखाली."

मग त्यांनी फाइल उघडली, सांधे मंजूर असल्याची सही ठोकली, आणि बोटाने एक कलम दाखवलं.

"नियम म्हंजे नियम. भूकंपात टिकल्याचा दाखला मागाहून जोडा."

६

विमा कंपनीला गंधारने एका ओळीचा अहवाल पाठवला: 'मोडतोड नाही, चोरी नाही, वस्तू सांध्यात होती, सांधा निर्दोष.' दुसरा कागद त्याने राजसीच्या विनंतीवरून, दोन डाव्या बुटांत बसून लिहिला. त्याची पोच अजून आलेली नाही.

प्रति,
मा. संबंधित अधिकारी,
भूकंप शाखा (असल्यास).

विषय: मौजे चामटोली येथे एक मध्यम भूकंप मंजूर करणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये विनंती की, सदर शाळेस प्रत्यक्ष भूकंपात टिकल्याचा दाखला जोडणे बंधनकारक असून, सदर भूकंप अद्याप झालेला नाही. तरी आपल्या सोयीनुसार एक भूकंप मंजूर व्हावा. तो शक्यतो रविवारी द्यावा, म्हणजे मुले शाळेत नसतील. मात्र ती घरी असल्याने तो फक्त शाळेपुरताच असावा. परीक्षा, नळाला पाणी यायची वेळ व भातलावणी वगळावी. धक्का संपल्यावर सांधे मिटेपर्यंत दुसरा धक्का देऊ नये व अध्यक्षांना ओळंबा पाहण्यास पुरेसा अवधी द्यावा.

तसेच सदर भूकंप खंडेनवमीस देऊ नये, ही विशेष विनंती. त्या दिवशी आमच्याकडे कोणतीही वस्तू जागची हलवत नाहीत.